सिस्टरांनी लावलेलं कुलूप

आमच्या कलाकेंद्राचं कागदोपत्री नाव लांबलचक आहे. ते फक्त पत्रव्यवहारात वापरतात. एरवी सगळे त्याला लाँड्री म्हणतात, कारण केंद्र सुरू होण्याआधी त्या इमारतीत हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुण्याचा कारखाना होता. अजूनही महिन्या-दोन महिन्यांनी कोणीतरी मळक्या कपड्यांचं गाठोडं घेऊन दारात उभं राहतं. आम्ही त्याला चौकातलं दुकान दाखवतो आणि जाता जाता वर्गांचं वेळापत्रक हातात देतो. एक गृहस्थ असेच चार शर्ट घेऊन आले होते, ते आज सहा वर्षं आमच्या गाण्याच्या वर्गात सगळ्यात खालच्या पट्टीत गातात.

ही लाँड्री उभी केली दादांनी. दादा नाटकाच्या नेपथ्याचे सुतार. उभ्या हयातीत त्यांनी रंगमंचावर राजवाडे, तुरुंग, दिवाणखाने बांधले आणि प्रयोग संपला की स्वतःच्या हातांनी मोडले. कारखाना बंद पडून इमारत धूळ खात पडली होती, तेव्हा त्यांनी मालकीणबाईंकडे अकरा वेळा खेटे घातले. बाराव्या वेळी बाईंनी कंटाळून किल्ल्याच हातात ठेवल्या. चादरी वाळवायच्या मोठ्या दालनात दादांनी रंगमंच बांधला, इस्त्रीच्या खोलीत मातीकाम सुरू झालं, आणि त्यांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, गाण्याचा वर्ग काढला. मी तेव्हा पोस्टात होते. सुट्टीच्या दिवशी गायला जायला लागले, आणि पुढे विश्वस्त झाले. विश्वस्त व्हायला आमच्याकडे फारसं काही लागत नाही. बैठकीला वेळेवर आलं की झालं.

सिस्टर आल्या त्या भांडायला. मागच्या गल्लीत त्यांचं घर. हॉस्पिटलात त्यांना रात्रपाळी असायची आणि दिवसा झोप. दुपारी अडीच वाजता, ड्रमचा वर्ग ऐन रंगात असताना, त्या आत आल्या आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाल्या की गेले चार महिने त्या सलग दोन तास झोपलेल्या नाहीत. आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं, असा तो आवाज होता.

आम्ही सगळे सारवासारव करायच्या तयारीत होतो. दादांनी फक्त विचारलं, की त्या नेमक्या कुठे झोपतात. दुसऱ्या दिवशी ते सिस्टरांच्या घरी गेले, त्यांच्या पलंगाशेजारी खुर्ची टाकून बसले आणि ड्रमवाल्यांना निरोप धाडला, की आज जरा मन लावून वाजवा. तासाभराने बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

“सिस्टर,” ते म्हणाले, “तुम्ही आजवर पोलिसांना कसं नाही बोलावलंत?”

त्याच आठवड्यात ड्रमचा वर्ग दुसऱ्या टोकाच्या खोलीत गेला आणि त्या खोलीच्या भिंतींना दादांनी जुन्या गाद्या ठोकल्या.

पण त्या तासाभरात आणखी एक गोष्ट घडली होती. सिस्टरांचे वडील त्यांच्याकडेच राहायचे. जन्मभर शिवणकाम केलेला माणूस. बायको गेल्यापासून दोन वर्षं उंबऱ्याबाहेर पडला नव्हता. दादांना चहा द्यायला म्हणून ते आत आले आणि त्यांची नजर दादांच्या कोटाच्या खिशावर गेली. खिसा कोणीतरी तिरका लावला होता. बाबांनी काही न विचारता कोट काढून घेतला, खिसा उसवला आणि चहा निवायच्या आत पुन्हा शिवून दिला. दादा म्हणाले, आमच्याकडे नाटकाचे दोन पेट्या भरून कपडे आहेत आणि सगळ्यांची हीच अवस्था आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला बाबा कात्री घेऊन लाँड्रीत हजर. पुढची सहा वर्षं ते रोज येत राहिले.

त्यांना सोडायला-न्यायला सिस्टर यायच्या, आणि आल्या की त्यांना गप्प बसवायचं नाही. प्रथमोपचाराच्या पेटीत एक गुंडाळी पिवळं बँडेज आणि खोकल्याच्या गोळ्या निघाल्या. आग लागली तर बाहेर पडायच्या दारापुढे प्लायवूडचा राजवाडा उभा होता. सिस्टरांनी तो हलवायला लावला. शिड्यांना क्रमांक दिले, मातीकामाच्या भट्टीपाशी कोण कधी होतं त्याची वही केली. त्या निवृत्त झाल्या तेव्हा दादांनी त्यांना व्यवस्थापक होण्याची गळ घातली. सिस्टर म्हणाल्या, मला कलेतलं काडीचं कळत नाही.

“ते आम्हाला कळतं,” दादा म्हणाले. “आम्हाला बाकीचं कळत नाही.”

तेव्हापासून दादा अध्यक्ष आणि सिस्टर व्यवस्थापक. दादांना दर आठवड्याला नवी कल्पना सुचायची आणि सिस्टर ती वहीत उतरवून घेऊन विचारायच्या, की हे कोण करणार, कुठे करणार आणि कोणी पडलं तर काय. निम्म्या कल्पना तिथेच आटोपायच्या. उरलेल्या निम्म्या मात्र खरोखर व्हायच्या. पूर्वी एकही होत नसे. बाबा गेले तेव्हा सिस्टर तीन दिवस घरी राहिल्या, चौथ्या दिवशी आल्या, आणि वहिनींनी त्यांना गाण्याच्या वर्गात आपल्या शेजारी बसवून घेतलं. त्या गायल्या नाहीत. पण पुढेही यायच्या आणि नुसत्या बसायच्या.

हे सगळं मागचं. खरी गोष्ट दोन वर्षांपूर्वीच्या शाळेच्या सुट्टीतली आहे. आम्ही मुलांचं मोठं नाटक बसवत होतो. सव्वीस मुलं, त्यात माझी नात. रोज दहा ते बारा तालीम, मोठ्या दालनात.

त्या दालनाचं दार अडकायला लागलं. दादांनी ते उतरवलं, रंधा मारला, पुन्हा बसवलं. तीन आठवड्यांनी पुन्हा अडकलं. पुन्हा रंधा. तिसऱ्यांदा अडकलं तेव्हा दादा म्हणाले, लाकूड आहे, फुगणारच. सिस्टर म्हणाल्या, हवा तर कोरडी ठणठणीत आहे. त्यांनी तिन्ही तारखा वहीत मांडल्या होत्या, पेशंटचा ताप मांडतात तशा. मला त्यांनी वही दाखवली आणि म्हणाल्या, सूज उतरून पुन्हा पुन्हा येत असेल, तर आम्ही नुसती सूज बघत नाही. मी मान हलवली. खरं सांगायचं तर मला ते दारावरून राईचा पर्वत केल्यासारखं वाटलं.

त्यांनी दादांना न विचारता एका इंजिनिअरबाईंना बोलावलं. बाईंनी दारापेक्षा छताकडेच जास्त वेळ पाहिलं. त्या दालनाच्या छताला लाकडी कैच्या होत्या, म्हणजे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाणारे मोठे त्रिकोणी सांगाडे. त्यांची टोकं भिंतीत गाडलेली. बाईंनी भिंतीला एक लहान भोक पाडून आत सळई घातली, तर ती लोण्यात जावी तशी गेली. कारखान्यातली वर्षानुवर्षांची वाफ भिंतीत मुरली होती आणि टोकं आतून कुजली होती. छत खाली सरकत होतं आणि त्याचा भार दाराच्या चौकटीवर येत होता. बाई म्हणाल्या, भिंत उघडून पाहिल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही. कदाचित आणखी दोन वर्षंही काढेल. पण त्या जागी आपण कोणाला बसवणार नाही.

नाटकाला दहा दिवस उरले होते. त्याच संध्याकाळी विश्वस्तांची बैठक बसली. दादा दुखावले होते. छताची डागडुजी त्यांनी स्वतः केली होती, प्रत्येक कैची आपल्या हाताने तेल लावून पुसली होती.

“त्या छताखाली मी वीस वर्षं उभा आहे, सिस्टर. लाकूड मला कळतं.”

“भिंतीच्या आतलं लाकूड तुम्हीही पाहिलेलं नाही, दादा.”

दादा म्हणाले, मुलांनी दोन महिने जीव ओतलाय. दहा दिवसांनी बंद करू, हवं तर वर्षभर बंद ठेवू. सिस्टरांनी एवढंच सांगितलं, की दहा दिवस थांबायचं का नाही हे छताला विचारलेलं नाही. मग मत घेतलं. सात जणांपैकी पाच जणांनी नाटक होईपर्यंत दालन चालू ठेवावं म्हणून हात वर केले. त्या पाचांत मी होते. नातीचे संवाद पाठ झाले होते, सारं घर तिच्याबरोबर ते संवाद म्हणत होतं. आणि दादांसारख्या माणसाच्या विरोधात हात वर करायचा धीर मला झाला नाही, हेही खरंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या दालनाला पितळी कुलूप होतं. त्यावर सिस्टरांच्या अक्षरात कागद: छताच्या तपासणीसाठी बंद. तालीम बस डेपोच्या जेवणघरात, दहा वाजता. डेपो रस्त्यापलीकडेच आहे आणि तिथले मॅनेजर आमच्याकडे बासरी शिकतात. सिस्टर सकाळी सातला त्यांच्या घरी जाऊन थडकल्या होत्या.

दादांनी किल्ली मागितली. आम्ही चार-पाच जण तिथेच होतो.

“ठराव झालाय, सिस्टर,” दादा म्हणाले.

“झालाय. तो मोडल्याबद्दल मला कामावरून काढा, दादा. तो अधिकार तुमचा आहे. पण काढेपर्यंत किल्ली माझ्याकडे राहील, आणि काढलंत तर मी ती इंजिनिअरबाईंना नेऊन देईन.”

दादांनी त्यांना काढलं नाही. पण बोलणं टाकलं. काही सांगायचं असलं की चिठ्ठी लिहून वहिनींकडे द्यायचे. वहिनींनी दुसऱ्याच दिवशी हात झटकले. मला बोट दाखवून म्हणाल्या, टपाल वाटणारी बाई ती तिथे बसलीय. मग मी चिठ्ठ्या पोचवू लागले. ‘माती संपत आली आहे.’ ‘मागवली आहे.’ ‘नळ गळतो.’ ‘दुरुस्त केला.’ पाच वर्षं हसतखेळत काम केलेली दोन माणसं, एकाच खोलीत, चार पावलांच्या अंतरावर. मला सिस्टरांचा राग येत होता, आणि माझ्या वर केलेल्या हाताची लाजही वाटत होती. कुठलं जास्त, ते तेव्हा कळत नव्हतं.

आठव्या दिवशी, गुरुवारी, मी डेपोच्या जेवणघरात मुलांचे संवाद ऐकत बसले होते. अकराचा सुमार. बाहेर एखाद्या ट्रकने खडी ओतावी तसा आवाज झाला, आणि तो थांबेचना. मग एकदम शांतता. रस्त्यावर आलो तर लाँड्रीकडून धुळीचा लोट येत होता.

मोठ्या दालनाच्या भिंती उभ्या होत्या. छत नव्हतं. तीन कैच्या रंगमंचावर आडव्या पडल्या होत्या आणि त्यांच्याखाली कौलं, फळ्या, दिवे, पडदे. मुलांनी उभं राहायची जागा दादांनी खडूने आखून दिली होती. त्या खुणांवर पुरुषभर ढीग होता.

सिस्टर कचेरीतून धावत रस्ता ओलांडून आल्या होत्या. त्यांनी मुलं मोजली. सव्वीस. पुन्हा मोजली. मग शिक्षिका, मग मला, मग जेवणघरातली माणसं, मग लाँड्रीच्या बाकीच्या खोल्यांतून बाहेर पडलेल्या प्रत्येकाला नावाने हाक मारून. सगळे होते. कोणाला ओरखडाही नव्हता. मग त्या डेपोच्या पायरीवर बसल्या.

मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले.

“मी हात वर केला होता,” एवढंच म्हणाले.

“माहीत आहे. मी मोजले होते,” सिस्टर म्हणाल्या. मग माझ्याकडे वर बघून म्हणाल्या, “नातीला आधी पाणी द्या. धूळ गेलीय तिच्या नाकात.”

दादा घरून आले ते पायात चपला तशाच घरातल्या. ढिगापाशी गेले. एका कैचीचं तुटकं टोक त्यांनी हाताने चाचपलं, तर त्याचा भुगा झाला. मग हळूहळू रस्ता ओलांडून आले आणि सिस्टरांच्या शेजारी पायरीवर बसले. आम्ही मुलांना आत नेलं, पण जेवणघराची खिडकी उघडी होती.

“सिस्टर, छत मला सांगत होतं,” दादा म्हणाले, “आणि मी दार तासत होतो.”

सिस्टर म्हणाल्या, “तुम्ही ते नीट तासलंत म्हणून कळलं, दादा. ओबडधोबड काम असतं, तर मला वाटलं असतं दारच वाईट बसलंय. तुमच्या हातचं दार तिसऱ्यांदा अडकलं, तेव्हा मी घाबरले.”

दादांनी तोंडावर हात घेतले. त्यांना रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं. सिस्टर त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिल्या. हॉस्पिटलात त्या किती जणांजवळ अशा बसल्या असतील, असं मला वाटून गेलं. वहिनी आल्या, दोघांच्या मध्ये जागा करून बसल्या आणि म्हणाल्या, “आता चिठ्ठ्या बंद.”

नाटक ठरल्या दिवशी झालं. नेपथ्य ढिगाखाली गेलं होतं, म्हणून डेपोच्या आवारात दोन बस कोन करून उभ्या केल्या आणि त्यांच्या मधल्या जागेत राजवाडा आहे असं मानलं. दादांनी ड्रायव्हरांना सांगून दारं उघडमीट करायला लावली; राजा एका बसमधून उतरायचा, प्रधान दुसरीतून. कपड्यांच्या पेट्या मागच्या खोलीत असल्यामुळे वाचल्या होत्या. नातीचा झगा बाबांच्या हातचा. तिला तो आखूड होत होता, म्हणून तालमीच्या सुरुवातीला मी तो उसवला, तेव्हा आत चार बोटं कापड दुमडून ठेवलेलं सापडलं होतं. मूल वाढणार हे धरून शिवलेला झगा. प्रयोग चालू असताना मी सिस्टरांना ते सांगितलं. त्यांनी नातीवरून नजर हलवली नाही. टाळ्या वाजल्या तेव्हा मात्र त्या सगळ्यांच्या आधी उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी दादांनी अध्यक्षपदाचा राजीनामा लिहून दिला. सिस्टरांनी तो वाचून परत केला. आता ढीग उपसायचाय, लाकूड ओळखणारा माणूस मला रोज लागणार, तुम्हाला राजीनामा द्यायचा असेल तर छत झाल्यावर द्या, असं त्यांनी सांगितलं. विश्वस्तांनी, म्हणजे आम्हीच, तोडगा काढला, की यापुढे दोघंही अध्यक्ष. कोणत्याही गोष्टीला दोघांची सही. दादा कधी कधी कुरकुरतात की सिस्टर सही करायला फार वेळ लावतात. सिस्टर म्हणतात, मी वाचते.

छत व्हायला सतरा महिने लागले. तोवर वर्ग घरोघरी. मातीकाम एका शिक्षिकेच्या स्वयंपाकघरात चालायचं. तिची मोरी चार वेळा तुंबली आणि चारही वेळा तिने हसून पाइप उघडला. गाणं आमच्या बैठकीच्या खोलीत. माझे यजमान, ज्यांनी वीस वर्षं लाँड्रीकडे पाठ फिरवली होती, दुसऱ्या महिन्यात खुर्ची ओढून मागच्या रांगेत येऊन बसले. चित्रांचा वर्ग डेपोतल्या बंद पडलेल्या बसमध्ये. एकही वर्ग सुटला नाही. नव्या छताच्या कैच्या पोलादी आहेत. दादांनी त्या इंजिनिअरबाईंच्या हाताखाली उमेदवारासारखं उभं राहून बसवून घेतल्या. प्रत्येक टोक भिंतीच्या बाहेर आहे. कोणालाही खालून दिसतं.

मागच्या महिन्यात दालन उघडलं, आणि गेल्या आठवड्यात वार्षिक अहवालातलं आभाराचं पान लिहायचं काम आम्हा तिघांवर आलं. दुपारच्या उन्हात, मातीकामाच्या लांब टेबलापाशी दादा नावं सांगत होते, सिस्टर लिहीत होत्या आणि मी शुद्धलेखन बघत होते. इंजिनिअरबाई. बासरीवाले मॅनेजर. दोन्ही बसचे ड्रायव्हर, नावानिशी. मोरी तुंबलेली शिक्षिका. आमचे यजमान, दादांनी हट्टच धरला. ढीग उपसताना रोज पाण्याची कळशी भरून ठेवणाऱ्या समोरच्या काकू. मालकीणबाई, ज्यांनी पडलेलं छत बघून इमारत परत मागितली नाही, उलट विचारलं, काय लागेल ते सांगा. एका पानाची तीन पानं झाली. छापखान्याने दोनच पानं दिली होती. मी म्हटलं, थोडी नावं गाळू या का? दादांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा शुद्धलेखनाकडे वळले.

सिस्टरांनी स्वतःचं नाव दोनदा खोडलं. दादांनी तिसऱ्यांदा ते लिहायला मला सांगितलं, आणि लिहून झाल्यावर सिस्टरांकडे वळून म्हणाले, “हे पान छापलं नाही तरी चालेल. मला तोंडाने सांगायचं होतं. तुमचे आभार, सिस्टर. त्या सव्वीस घरांच्या वतीने, आणि माझ्या.”

सिस्टरांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, “मी तुमच्याकडे आले तेव्हा झोप मागायला आले होते, दादा. तुम्ही घरातला माणूस परत दिलात. आभार मानायला बसले तर मलाच वेगळी वही लागेल.”

तेवढ्यात मातीकामाचा वर्ग आला. अकरा जण, हातात ओले गोळे, आणि त्यांना टेबल हवं होतं. आम्ही कागद गोळा केले, एका पानाला चिखलाचा अंगठा लागलाच, आणि बाहेर पायरीवर जाऊन बसलो. दादांना आणखी एक नाव आठवलं होतं.